पहिली हरतालिका, इन्सुलिन आणि निर्जळ उपवास

करीरोडची_सून

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त पाककृती वाचून पळणारी. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

फाल्गुनात लग्न झालं. सासर लालबागला, चाळीतल्या दोन खोल्या. ऑफिस गोरेगावला. दहा दिवसांवर माझी पहिली हरतालिका आली आहे. अडचण अशी की मला चौदाव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह आहे. रात्री लांब पल्ल्याचं इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी वेगळं. स्थळ बघतानाच सांगितलं होतं, त्यामुळे घरात लपवाछपवी काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "फळं खा, दूध घे, पूजा कर, झालं." खालच्या मजल्यावर चुलत सासूबाई राहतात. त्यांचं म्हणणं, पहिली हरतालिका निर्जळच व्हायला हवी, होत नसेल तर मुळात धरूच नये, अर्धवट धरलेली उलटते. हे त्या माझ्यासमोर नाही, जिन्यात बोलल्या. आमच्या चाळीत जिन्यात बोललेलं सगळ्यात आधी पोहोचतं.

नवरा म्हणतो, सोडून दे, मला काही होत नाही. पण मला करायची आहे. लहानपणापासून आईबरोबर वाळूची पिंड मीच करत आले आहे. तेव्हाही निर्जळ कधी केलं नाही, पण माहेरी कोणी हिशोब मागत नव्हतं.

तर प्रश्न दोन. निर्जळ न करता ही पूजा 'लागू' होते का? आणि उपवासाऐवजी जप करता येतो का, कुठला?

रताळ्याचा_कीस

निर्जळ अजिबात करू नकोस. बाकीचं जाणकार सांगतीलच. मी रुमाल टाकून ठेवते.

जुनी_गिरगावकर

करीरोडची सून, तुझ्या चुलत सासूबाईंना 'उलटते' हे कुठून सुचलं ते मला माहीत आहे. पोथीतूनच. हरतालिकेची कहाणी शेवटी काय म्हणते आठवतंय का? या दिवशी आहार केला तर सात जन्म वांझ होते, दारिद्र्य येतं, पुत्रशोक होतो. संस्कृत कथेत तर वर्गवारीच आहे. अन्न खाल्लं तर डुकरीण, फळ खाल्लं तर माकडीण, पाणी प्यायलं तर जळू, दूध प्यायलं तर सापीण, दही खाल्लं तर मांजरी आणि झोप लागली तर अजगर. माझ्या सासूबाई हे वाचताना जांभई दाबायच्या, आणि आम्ही जावा एकमेकींना "अजगर, अजगर" करत कोपरखळ्या मारायचो. पहाटे चारला आख्ख्या माजघरात सगळे अजगरच असायचे.

पण मूळ गोष्ट बघ. नारद विष्णूचं स्थळ घेऊन येतो, हिमालय खूश, शब्द देऊन मोकळा. पार्वतीला ते नको. ती सखीला सांगते, सखी तिला घेऊन घोर अरण्यात जाते. तिथे नदीकाठी वाळूचं लिंग करून ती पूजा करते, दिवस भाद्रपद शुद्ध तृतीया, हस्त नक्षत्र. शंकर येतो, मग बाप शोधत येतो, आणि ती अट घालते की शंकरालाच देणार असाल तर घरी येते. 'आलि' म्हणजे सखी, 'हरिता' म्हणजे नेलेली, म्हणून हरितालिका. बापाने ठरवलेलं स्थळ नाकारून मैत्रिणीबरोबर पळालेल्या मुलीचं हे व्रत आहे! म्हणून तर मूर्ती दोन असतात, पार्वती आणि सखी. नवरा वाळूचा.

आता तुझा पहिला प्रश्न. व्रतांच्या ग्रंथांत एक श्लोक हमखास सापडतो:

अष्टैतान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः।
हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम्॥

आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमुळं, फळ, दूध, हविष्य (यज्ञाला चालणारं साधं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. पाणी पहिलं आणि औषध शेवटचं, नीट वाच. इन्सुलिन हे औषधच. सुईने घेतलं म्हणून ते खाणं होत नाही. आणि इन्सुलिन घेतल्यावर दूध-फळ घ्यावंच लागतं, तेही यादीत आहे.

म्हणजे एक पोथी जळू करते आणि दुसरी सोडून देते. धर्मशास्त्राचं हे असंच असतं. आमच्या गिरगावात आंग्रेवाडीत महामहोपाध्याय पां. वा. काणे राहायचे, ज्यांना १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं. त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांची केवढी मोठी यादी दिली आहे! ती चाळली की कळतं, एकाच व्रताचे किती पाठ आणि किती मतं. त्यातलं सगळ्यात कडक तेवढंच जिन्यात का पोहोचतं, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही.

भांडुपचा_भाऊ

एकविसाव्या शतकात इन्सुलिन घेणाऱ्या बाईला श्लोकातून परवानगी काढून द्यावी लागते. धन्य. बायकोने पाणी न प्यायल्याने नवऱ्याचं आयुष्य वाढत असतं तर विमा कंपन्यांनी हप्त्यात सूट दिली असती. (हलकेच घ्या.)

करीरोडची_सून

@जुनी_गिरगावकर, मावशी, श्लोक वहीत उतरवून घेतला. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "खालच्या मजल्यावर नेऊन देऊ का?" मी नको म्हटलं.

@भांडुपचा_भाऊ, आयुष्य वाढतं म्हणून मी करत नाही. मग का, ते मलाही धड सांगता येत नाही. वर्षभर साडेआठच्या करी रोड गाडीत लोंबकळायचं, दादरला उतरून पूल चढायचा, पुन्हा वेस्टर्नला घुसायचं. त्यात एक दिवस मी वाळू भिजवून हाताने काहीतरी घडवते. रात्री सगळ्या बायका आमच्या खोलीत बसतात. ते मला हवंय. नवऱ्यासाठी आहे का? त्याच्यासाठी पण आहे. तो चांगला आहे हो.

वॉर्डातली_बाय

मी मधुमेहाच्या वॉर्डात बावीस वर्षं परिचारिका आहे, म्हणून जरा लांब लिहिते. तुझे डॉक्टर वेगळं सांगतील तर त्यांचं ऐक.

निर्जळ नाही म्हणजे नाही. लांब पल्ल्याचं इन्सुलिन स्वतःच्या मनाने कधीही बंद करायचं नाही. टाइप १ मध्ये "खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला" ही सगळ्यात घातक समजूत आहे. न खाताही शरीराला थोडं इन्सुलिन लागतंच. ते नसलं की रक्तात कीटोन नावाची घातक आम्लं वाढतात, आणि पाणीही प्यायलेलं नसेल तर माणूस वेगाने खालावतो. डोस किती कमी करायचा हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचार, फोनवर नाही, जाऊन.

त्या दिवशी दर दोन-तीन तासांनी साखर बघ. ७० च्या खाली गेली तर पूजा असो, आरती असो, १५ ग्रॅम ग्लुकोज ताबडतोब घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. ग्लुकोजची पुडी पदराच्या गाठीला. आणि जागरणाला बसणाऱ्यांपैकी एका बाईला तरी सांगून ठेव की मला घाम सुटला, मी असंबद्ध बोलू लागले, तर काय करायचं. सगळ्या म्हणतील हिच्या अंगात आलं. ही गंमत नाही. माझ्या वॉर्डात अशी बाई आलेली आहे, घरचे तासभर हळदकुंकू वाहत बसले होते.

दुसरी बाजूही आहे. साबुदाण्याची खिचडी ताटभर हाणू नकोस. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, साखर भसकन वर जाते. राजगिऱ्याची लाही दुधात, मूठभर शेंगदाणे, एखादं फळ, ताक. वरीचे तांदूळ खायचे तर थोडे आणि दाण्याच्या आमटीबरोबर.

रताळ्याचा_कीस

माझ्या आयडीचं काय मग? खायचं की नाही?

वॉर्डातली_बाय

उकडून, वाटीभर. कीस तुपात परतून साखर घालून नाही.

शेवग्याची_शेंग

जपाबद्दल कोणीच बोललं नाही. मलाही हवंय. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न जमत नाहीये, तिला कोणीतरी कात्यायनीचा मंत्र दिलाय. तोच सूनबाईंनी केला तर?

आणि गाडीत जप केलेला चालतो का? मी वसईहून येते. बसायला जागा मिळाली तर विरारच्या बायका उठवतात, पण डोळे मिटून उभी राहिले की निदान बोलत तरी नाहीत.

जुनी_गिरगावकर

शेंगे, कात्यायनीचा तो मंत्र भागवतातला, दहाव्या स्कंधाच्या बाविसाव्या अध्यायातला. हेमंताच्या पहिल्या महिन्यात गोकुळातल्या मुली पहाटे यमुनेत न्हातात, हविष्यान्न खातात आणि वाळूची देवी करून मागतात: "नन्दगोपसुतं देवि पतिं मे कुरु ते नमः". नंदाचा मुलगा मला नवरा म्हणून दे. कुमारिकांचा मंत्र आहे. सूनबाईंना नवरा मिळालेला आहे, तिने पुन्हा मागितला तर घोळ होईल. बहिणीने करावा. आमच्या घरात लग्न जमत नसलं की एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर वाचायची पद्धत होती, १८ प्रसंग आहेत. माझ्या आत्याने वाचलं. लग्न जमलं ते वाचनामुळे की शेजारच्या वाडीतल्या मुलाला तिचा आवाज रोज ऐकू येत होता त्यामुळे, यावर घरात दोन तट होते.

अवांतर: मुलग्यांसाठीही मंत्र आहे बरं का, सप्तशतीआधीच्या अर्गलास्तोत्रात. "पत्नीं मनोरमां देहि मनोवृत्तानुसारिणीम्." मनाला रमवणारी, माझ्या मनाप्रमाणे वागणारी बायको दे. मुली नुसता नंदाचा मुलगा मागतात, हे लोक अटी घालतात.

लग्न झालेलीने साधा "उमामहेश्वराभ्यां नमः" करावा. दोघांचं नाव एकत्र आहे, मला तो म्हणूनच आवडतो. १०८ मण्यांची माळ, मेरूमणी (माळेच्या टोकाचा मणी) ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. गाडीत माळ काढू नका, कोणाच्या तरी पर्सच्या साखळीत अडकते. मनातल्या मनात करा. मनुस्मृतीत (हो, बाकी पुष्कळ काही आहे तिच्यात, ते बाजूला ठेवा) ओठांतल्या ओठांत केलेल्या जपाला शंभरपट आणि मानस जपाला हजारपट म्हटलंय. म्हणजे विरार फास्टमध्ये डोळे मिटून उभी राहिलेली बाई लाउडस्पीकरवाल्या मंडळाच्या कितीतरी पुढे.

निमूट

जपाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझं दुसरं लग्नही मोडायला आलं होतं तेव्हा एका गुरुजींनी सव्वा लाख जप सांगितला. मला वेळ नाही म्हटल्यावर म्हणाले, आमच्याकडे करून देतात. एकवीस हजार. व्हिडिओ आला, त्यात पाच जण बसलेले. बायकोने व्हिडिओ नीट बघितला आणि म्हणाली, यातला एक मोबाइल बघतोय. त्यावर आम्ही दोघं खूप दिवसांनी एकत्र हसलो. आता पाच वर्षं झाली, एकत्र आहोत. एकवीस हजार वसूल झाले असं ती म्हणते.

भांडुपचा_भाऊ

@निमूट, हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा आहे.

ओसरी

वाचत होते, लिहू की नको करत होते.

मी सव्वीस वर्षं वडाला दोरा गुंडाळला. आधी परळच्या वडाला, मग मुलुंडला आलो तर सोसायटीबाहेरच्या. फांदी विकत आणून घरात पुजली नाही कधी. हे २०२१ मध्ये गेले. नंतर कोणीतरी अगदी प्रेमाने विचारलं, "एखादं वर्ष चुकलं होतं का गं?" नव्हतं चुकलं. मी त्या रात्री बसून खरंच मोजलं होतं.

हरतालिका मी अजून करते. माझी आजीही आजोबांच्या मागे करायची, एकदा धरली ती सोडायची नाही म्हणायची. वटपौर्णिमेला मला कोणी बोलवत नाही, मीही जात नाही. पण वाळू कोणाची परवानगी मागत नाही. सूनबाई, तू कर. पाणी पिऊन कर. आणि 'चुकलं होतं का' हा प्रश्न तुला आयुष्यात कोणी विचारला तर उत्तर देऊ नकोस, मोजायलाही बसू नकोस.

वॉर्डातली_बाय

ओसरीताई, 🙏

करीरोडची_सून

ताई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, त्यांना विचार, हरतालिकेला आमच्याकडे येतील का.

ओसरी

लालबागला? आदल्या रात्री, गणपतीच्या गर्दीत? मला काही झालंय का! (पण विचारलंत, बरं वाटलं. आईंना नमस्कार सांगा.)

भांडुपचा_भाऊ

मी थट्टा केली ती मागे घेतो. एक प्रामाणिक प्रश्न. हे सगळं बायकोनेच का? नवऱ्याने उपवास केला तर शास्त्रात बसतं का? आमची ही वटपौर्णिमेला मायग्रेनने आडवी होते दरवर्षी. मी धरला असता, पण नियमात बसतं का माहीत नाही, आणि भांडुपमध्ये मला वडाभोवती फिरताना बघितलं तर मित्र सोडणार नाहीत.

जुनी_गिरगावकर

भाऊ, बसतं! निर्णयग्रंथांत 'प्रतिनिधी' म्हणून प्रकरणच आहे. नवऱ्याचं व्रत बायकोने करावं आणि बायकोचं नवऱ्याने, अंगात ताकद नसेल तर दुसऱ्याने. व्रतभंग होत नाही, असं वचन आहे. मुलगा, भाऊ, बहीण हेही चालतात.

यात एक मेख आहे. काम्य व्रताला, म्हणजे काहीतरी मागण्यासाठी केलेल्याला, प्रतिनिधी चालत नाही असं दुसरं वचन म्हणतं. पण त्याच श्लोकाचा उत्तरार्ध सांगतो की एकदा सुरू केल्यानंतर अडचण आली तर काम्यालाही प्रतिनिधी चालतो असं काहींचं मत आहे. 'केचित्', काही जण. हे 'काही जण' नसते तर हिंदू धर्म केव्हाच बंद पडला असता.

तर सूनबाई, संकल्प तू सोड, पूजा तू मांड, आणि पाण्याविना राहायचं काम नवऱ्याकडे दे. वटाभोवती फेऱ्या घालायला भाऊंना सकाळी सहाची वेळ सुचवते, तेव्हा भांडुप झोपलेलं असतं.

करीरोडची_सून

😂 नवऱ्याला दाखवते. तो रोज सहा चहा पितो, हे आधीच सांगून ठेवते.

शेवग्याची_शेंग

पत्रीचं कोणी सांगा ना! दादरला स्टेशनबाहेरच्या फूलबाजारात दरवर्षी मला नुसता पाला बांधून देतात.

रताळ्याचा_कीस

हे मला येतं. आदल्या दिवशी पहाटे जा, हरतालिकेच्या दिवशी भाव विचारू नये. जुडी सोडून बघायची. बेल, आघाडा, दूर्वा, रुई, धोत्रा, कण्हेर, तुळस, आंबा, डाळिंब, बोर, चाफा, जाई एवढं तरी ओळखता आलं पाहिजे. सोळा प्रकार म्हणतात, पण विकणारी आजी अशोक म्हणून जो देते तो आसोपालव असतो. तो खरा अशोक नव्हे. वाद घालू नका, गर्दी मागून ढकलते. रुईचं एक चांगलं मोठं पान वेगळं ठेवा, आमच्याकडे रात्री बारानंतर त्यावर दही घेऊन चाटतात.

जुनी_गिरगावकर

दही? मांजरी!

करीरोडची_सून

वृत्तांत. आज ऋषिपंचमी, आत्ता कुठे बसायला मिळालं.

डॉक्टरांकडे जाऊन आले होते, त्यांनी रात्रीचा डोस थोडा कमी करून दिला. मी पाणी प्यायले, दूध-लाही, दोनदा फळ, मूठभर दाणे. साखर दिवसभर ९० ते १६० मध्ये राहिली. रात्री दीडला एकदा ७८ आली. तेव्हा शेजारच्या वहिनींनी मी काही बोलायच्या आत दुधाचा पेला पुढे केला. मी फक्त त्यांनाच सांगितलं होतं, पण एव्हाना जिन्यामुळे सगळ्यांना माहीत होतं. जिन्याचा हा उपयोग पहिल्यांदाच झाला.

संकल्प मी सोडला. नवऱ्याने सकाळी सासूबाईंसमोर जाहीर केलं की पाण्याचं खातं त्याच्याकडे. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी चाळीस वर्षांत माझ्यासाठी एक चहा सोडला नाही." बाबा पेपरामागे गेले.

दुपारी दोनपर्यंत त्याचे मेसेज येत होते, 'जमतंय'. चारला बंद. साडेसहाला चिंचपोकळीला उतरला तर पुलाखाली दोन मोठ्या गणपतींचं आगमन, ढोल, रस्ता बंद. म्हणून आतून वळसा घालून आला, आणि तो वळसा चिवडा गल्लीतून जातो. ताजा पोहे चिवडा कढईतून उतरत होता म्हणे. घरी आला तेव्हा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं सोड आता. तर म्हणाला, नाही. आणि मग खालच्या आवाजात, "चारला ऑफिसात चुकून चहा प्यायलो. सवयीने हातात आला आणि अर्धा संपल्यावर आठवलं."

म्हणजे जळू की सापीण, चहात पाणीही असतं आणि दूधही. सासूबाई म्हणाल्या, अर्धा कप, अर्धी जळू.

रात्री अकराला चुलत सासूबाई वर आल्या. आरतीला उभ्या राहिल्या. माझा लेक निर्जळ आहे असं सासूबाईंनी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, चहाचा भाग वगळून. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "असं चालतं?" मी वहीतला श्लोक पुढे केला. चष्मा नव्हता त्यांच्याकडे. सासूबाईंनी आपला दिला. दोनदा वाचला, आणि म्हणाल्या, "औषध पण आहे यात." मग बसल्या पहाटेपर्यंत. फुगडीही घातली एक, माझ्याशीच. त्यांना रक्तदाबाची गोळी आहे आणि त्या दर हरतालिकेला ती चुकवतात, हे तेव्हा कळलं.

वॉर्डातली_बाय

गोळी चुकवतात?? त्यांना फोनवर दे माझ्याकडे.

करीरोडची_सून

काल सकाळी उत्तरपूजेच्या आधी घेतली. पाण्याबरोबर. सासूबाईंनी उभं राहून घ्यायला लावली.

भांडुपचा_भाऊ

नवऱ्याला आमच्याकडून सलाम. ज्येष्ठात मला त्याचा नंबर लागणार आहे. वडाला फेऱ्या किती असतात, सात ना? आणि दोरा आधी कुठून गुंडाळायला सुरू करतात?